पहिली टाळी परबांची

सकाळी सहाला मी बुटाची नाडी बांधत होतो, तेव्हा परबांच्या सुनेचा फोन आला. इतक्या सकाळी तिचा फोन कधी येत नाही. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. "झोपेतच. चहाला उठवायला गेले तर…" जरा सावरल्यावर तिने विचारलं, "मैदानावर तुम्ही सांगाल का सगळ्यांना? वाट बघत बसतील." मी हो म्हटलं. दुसऱ्या पायाचा बूट हातात धरून मी किती वेळ बसून होतो कोण जाणे. शेवटी बायकोनेच तो माझ्या हातातून काढून घेतला आणि पायात चढवला. शांती नगरच्या मैदानावर जमलेल्या मंडळींना मी ती बातमी सांगितली, आणि त्यानंतर महिनाभर त्या मैदानाकडे फिरकलो नाही. का फिरकलो नाही, तेही सांगतो. पण आधी परबांबद्दल.

विश्राम परब आमचं हास्य मंडळ चालवायचे. नाव विश्राम, आणि आयुष्यात तेवढी एक गोष्ट सोडून बाकी सगळं केलेलं. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली होती. "इतकी वर्षं गेलेल्यांची नावं लिहिली, आता असलेल्यांची लिहितो," असं म्हणत ते रोज सकाळी मैदानावर आमची हजेरी घ्यायचे. रीतसर, रजिस्टर काढून. एखादा दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी परब त्याच्या दारात. लोकांना याचा वैताग यायचा. मलाही यायचा.

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. मी विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासायचो. कोणी काही सांगितलं की आधी ते खोटं धरायचं, ही सवय हाडात मुरलेली. निवृत्तीनंतर गिरगाव सोडून मिरा रोडला आलो तो शांतता हवी म्हणून, आणि पहिल्याच सकाळी सव्वासहाला पंचवीस माणसं माझ्या खिडकीखाली खदाखदा हसायला लागली. आठवडाभर सोसलं. मग मुद्देसूद तक्रारअर्ज लिहिला, खाली सही केली आणि स्वतः नेऊन परबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी घालून रजिस्टरात ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "अर्ज दाखल झाला. उद्या सव्वासहाला सुनावणी आहे. अर्जदाराने हजर राहायचं." मी खरंच गेलो. हरायचं नाही म्हणून गेलो. त्यांनी मला गोलात उभं केलं, रजिस्टरात माझं नाव लिहिलं आणि सुनावणी पुढच्या दिवसावर ढकलली. ती अकरा-बारा वर्षं पुढे ढकलली जात राहिली.

त्यांची पद्धत ठरलेली होती. गोल करून उभं राहायचं, हात खाली सोडायचे, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटं गप्प राहायचं. मग परब एक टाळी वाजवणार, आणि त्या टाळीसरशी सगळ्यांनी दोन्ही हात वर फेकून हसायचं. आधी धड गप्प राहता आलं पाहिजे, तरच धड हसता येतं, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला मी नुसताच हात वर करायचो. पण माझ्या डाव्या हाताला युसुफभाई उभे असायचे, आणि त्यांच्या शेजारी उभं राहून कोणालाही फार दिवस तोंड मिटून ठेवता येत नसे. युसुफभाई रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. उमेद होती तेवढी सगळी वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलेली. त्या धडधडाटाने कान अधू झाले होते, आणि त्याच धडधडाटावर ओरडून ओरडून गळा दांडगा झाला होता. ते हसले की डेअरीच्या पायरीवर झोपलेला कुत्रा उठून उभा राहायचा. परब मालवणकडचे. त्यामुळे हसून झालं की बाकावर बसून दोघांची जुंपायची, आंबा कोणाचा चांगला आणि तिरफळ कशात घालायचं यावरून. त्या वादात मला कोणी विचारत नसे. माझ्यासारख्या कायस्थाला माशातलं कळतं हेच त्यांना मान्य नव्हतं.

आता त्या दिवसाबद्दल. त्या हल्ल्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. वाचणाऱ्यांना ते लिहून सांगावं लागेल असं वाटत नाही, आणि माझ्याच्याने ते लिहवतही नाही. आदल्या दिवशी दुपारपासून टीव्हीवर तेच चाललं होतं. निरपराध माणसं, आणि ती कशी मारली गेली ते… संध्याकाळी कळलं, मेलेल्यांत आमच्याच सेक्टरमधला एक मुलगा आहे. ऑफिसच्या कामाने तिकडे गेलेला, बत्तीस वर्षांचा. त्याचं घर मैदानाला लागून असलेल्या इमारतीत. त्या रात्री आमच्याकडे कोणी जेवलं नाही. कोणाकडेच जेवले नसतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आले. घरात बसवत नव्हतं म्हणून आले. परबांनी हजेरी घेतली नाही. "आज हसायचं नाही," ते म्हणाले. "दोन मिनिटं उभं राहू आणि घरी जाऊ." आम्ही गोल केला, हात खाली सोडले, डोळे मिटले. मैदानावर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि दोन मिनिटं संपली तशी परबांनी टाळी वाजवली.

मुद्दाम नाही. त्यांचे हात आपोआप उठले. श्रद्धांजलीचं उभं राहणं निराळं आणि आमचं रोजचं उभं राहणं निराळं, हे दहा वर्षांच्या सवयीला कोणी सांगितलंच नव्हतं. टाळी वाजली आणि आमचेही हात वर गेले, आमच्याही तोंडून हसू बाहेर पडलं. सव्वीसच्या सव्वीस जण हसलो. एक-दोन श्वास गेले असतील, मग ज्याच्या त्याच्या लक्षात आलं. कोणी तोंडावर हात धरला, कोणी मटकन खाली बसलं, आमच्यातल्या जिग्नाबेन तर ओक्साबोक्शी रडायला लागल्या. फक्त युसुफभाईंना काही कळलं नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि भोवतालचा आवाज थांबलाय हे त्यांच्या कानांपर्यंत पोचलंच नाही. ते आणखी पाच-सहा सेकंद एकटेच हसत राहिले, दोन्ही हात आभाळाकडे करून. मी त्यांच्या दंडाला हात लावला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी सांगू शकत नाही.

कोणत्या तरी गॅलरीतून कोणीतरी ते मोबाईलवर टिपलं होतं. दुपारपर्यंत ते भाईंदरच्या पार पलीकडच्या टोकाला पोचलं. अकरा सेकंद. आमचं उभं राहणं त्यात नव्हतं, जिग्नाबेनचं रडणं नव्हतं. होतं ते हसू, आणि युसुफभाईंभोवती एक लाल वर्तुळ. खाली लिहिलं होतं, देश रडतोय आणि हे हसतायत. हसलो सगळेच होतो, पण वर्तुळ कोणाभोवती काढायचं ते काढणाऱ्याने दाढी बघून ठरवलं होतं. माझा डावा हात त्या वर्तुळाच्या आत होता. कोपरापासून पुढचा, घड्याळासकट. बाकीचा मी बाहेर.

तीन वाजता पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, तुम्ही होतात का तिथे?" मी म्हटलं, "नाही रे, मला उशीर झाला होता आज." हे मी बायकोलाही आजवर सांगितलेलं नाही. इथे छापून येईल तेव्हा तीही वाचेल.

चारला परब दारात उभे. इस्त्रीचा शर्ट घातलेला, दाढी केलेली. "चला कर्णिकसाहेब, त्या मुलाच्या घरी जायचंय. माफी मागायला." मी म्हटलं, आज नको, घर माणसांनी भरलेलं असेल, अजून त्याला आणलंही नाहीय. ते म्हणाले, "म्हणूनच आज." नाही म्हणायला मला सबब सुचली नाही म्हणून मी गेलो. दारात चपलांचा ढीग होता. आतल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी परबांना ओळखलं आणि आवाज चढवला. परब उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, हात जोडून. "पहिली टाळी माझी होती," ते म्हणाले. "बाकीचे माझ्यामागून हसले. दोष द्यायचा तो मला द्या." तो पाहुणा त्यांच्या अंगावर येणार इतक्यात त्या मुलाची आई आतून बाहेर आली. तिला सगळ्यांनी वाट करून दिली. तिने परबांकडे बराच वेळ पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तसं बोलली.

"रोज तुमच्या आवाजानेच मला जाग येते. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, पहाटे जरा लागला… तुम्ही हसलात आणि मी उठले. चहा टाकायचा म्हणून उठले. अर्धा मिनिट मला काही आठवलंच नाही, हो. अर्धा मिनिट तो होता." मग म्हणाली, "जा आता तुम्ही."

जिना उतरताना परब मधल्या पायरीवर बसले. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काहीतरी पुटपुटले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. ठेवला नाही.

तिथून ते मला युसुफभाईंच्या इमारतीकडे घेऊन गेले. गेटवर पंचवीस-तीस तरुण पोरं जमली होती. वॉचमनने गेट लावून घेतलं होतं आणि वर युसुफभाईंच्या खिडक्या बंद होत्या. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. परब सरळ त्या घोळक्यात शिरले. "अंकल, तुम्ही बाजूला व्हा," एक जण म्हणाला, "तुमच्याशी आमचं काही नाही." परब म्हणाले, "माझ्याशीच आहे तुमचं. मोबाईल काढा, शूट करा. मी विश्राम परब, बी विंग, दुसरा मजला. टाळी मी वाजवली. ते माझ्या टाळीवर हसले." कोणी मोबाईल काढला नाही. एवढा वेळ ज्यांचे मोबाईल हातात होते त्यांनीसुद्धा ते खाली घेतले. त्यातला एक जण जरा ओशाळून म्हणाला, "व्हिडिओत तुम्ही दिसत नाही, अंकल." परब म्हणाले, "म्हणून तर सांगायला आलोय." मागून कोणीतरी त्यांना ढकललं. ते गेटवर आपटले, चष्मा सरळ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मी विश्राम परब, बी विंग, दुसरा मजला.

आणि मी? मी समोरच्या मेडिकलमध्ये होतो. घोळका दिसताच माझे पाय आपोआप तिकडे वळले होते. मी रक्तदाबाच्या गोळ्या मागितल्या. घरात महिन्याभराच्या होत्या. काचेतून मी सगळं बघत होतो आणि दुकानदाराला उगीचच विचारत होतो, याच कंपनीच्या आहेत ना, तारीख बघा जरा.

थोड्या वेळाने आमच्या मंडळातले, भाईंदरच्या खारी गावचे पाटील स्कूटरवरून आले. पाटील मूळचे तिथलेच, एके काळी घरची मिठागरं होती. आता पोरांचा टेम्पोचा धंदा आहे, आणि स्वतः रोज पहाटे भाईंदरहून आमच्याकडे हसायला येतात. त्यांनी स्कूटर गेटच्या बरोब्बर समोर आडवी लावली आणि तिच्यावरच ठाण मांडलं. "कुनाला काय इचारायचा हाय तो मना इचारा," ते म्हणाले. "मी पन हासलो. मना काय घाई न्हाय." मग जिग्नाबेन आल्या, नवऱ्याला घेऊन. मग आणखी तिघं. सव्वीसांपैकी सात. फार मोठं काही घडलं नाही. भाषणं झाली नाहीत, कोणाचं मन वगैरे पालटलं नाही. ही सात म्हातारी माणसं तिथून हलत नाहीत एवढं त्या पोरांच्या लक्षात आलं. काही कंटाळून गेली, उरलेली पोलिसांची गाडी आली तेव्हा पांगली. मी गोळ्यांची पिशवी घेऊन मागच्या रस्त्याने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मैदानावर चर्चा झाली. मी गेलो होतो, मान खाली घालून. एकाचं म्हणणं, मंडळ महिनाभर बंद ठेवू. दुसऱ्याचं म्हणणं, मंडळ चालू दे, पण युसुफभाईंनी थोडे दिवस येऊ नये, त्यांच्याच भल्यासाठी. हे ऐकल्यावर परब चिडले. दहा वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं ते तेवढ्या एकदा. "बाहेरच्याने आपल्यातला एक माणूस वेगळा काढून दाखवला," ते म्हणाले. "आता आपण तो खरोखर वेगळा काढायचा? म्हणजे त्याचं काम आपण पुरं करून द्यायचं? आणि बंद कोणासाठी ठेवायचं? ज्यांनी गोळ्या घातल्या त्यांना आपला आवाज ऐकू जात नाही. आपल्या शेजाऱ्यांना जातो." मग जरा शांत होऊन त्यांनी ठरवून टाकलं. त्या मुलाचे दिवस होईपर्यंत रोज यायचं, गोल करायचा, डोळे मिटून उभं राहायचं. टाळी नाही. चौदाव्या दिवशी टाळी. ज्यांना नको असेल त्यांनी येऊ नये, हजेरीत त्यांचं नाव मात्र राहील.

आणि त्या दिवसापासून ते रोज सहा वाजता युसुफभाईंच्या इमारतीखाली उभे राहायला लागले. युसुफभाई फोन उचलत नव्हते, दार उघडत नव्हते. परब खालून हाक मारायचे, तीही ऐकू जाईल अशा बेताने, म्हणजे अख्ख्या इमारतीला. "युसुफभाई, सहा वाजले!" मग दहा मिनिटं थांबायचे, "आज नाही? बरं, उद्या येतो," असं वर बघून सांगायचे आणि मैदानावर यायचे. सोसायटीचे सेक्रेटरी त्यांना भेटून म्हणाले, असं रोज नाव घेऊन ओरडू नका, लोकांचं लक्ष जातं. परब म्हणाले, जाऊ दे ना, त्यासाठीच ओरडतोय.

आठ दिवस मी हे बघितलं. नवव्या दिवशी मला ते सहन होईना. परब खाली हाक मारत होते तेव्हा मी वर गेलो आणि बेल वाजवली. युसुफभाईंच्या बायकोने साखळी न काढता दार उघडलं, मला पाहिलं आणि आत घेतलं. युसुफभाई खिडकीजवळ खुर्ची ओढून बसले होते. पडदा बंद, पण फटीतून खाली परब दिसत होते. म्हणजे ते रोज बघत होते. मी मोबाईल काढला, ते वर्तुळाचं चित्र त्यांच्यासमोर धरलं आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "हा हात माझा आहे. मी माझ्या मुलाला सांगितलं, मी नव्हतो म्हणून. त्या दिवशी खाली सगळे उभे होते तेव्हा मी समोरच्या दुकानात लपलो होतो."

त्यांनी ते चित्र हातातसुद्धा घेतलं नाही. "मला माहितीये," ते म्हणाले. "दहा वर्षं तुमच्या बाजूला उभा राहतोय, तुमचं घड्याळ मला ओळखू येणार नाय?" त्यांनीच मला बसायला सांगितलं. "पोलिसांनी विचारलं, बाजूला कोण होता. मी बोललो, नाव याद नाय. म्हटलं, एक माणूस घरात कोंडलाय तो पुरे." हे ते इतक्या सहज बोलले की मला शरमेने रडू फुटलं. त्या घरात, त्यांच्यासमोर, त्यांच्या बायकोसमोर. खालून परबांचा आवाज आला, आज नाही, बरं, उद्या येतो. युसुफभाईंनी पडदा किंचित बाजूला केला आणि त्यांना जाताना पाहिलं.

चौदाव्या दिवशी ते आले. परबांनी हाक मारायच्या आधीच खाली उतरून उभे होते. आम्ही तिघं बरोबर मैदानावर गेलो, परब त्यांच्या उजवीकडून आणि मी डावीकडून. त्या दिवशी एकोणीस जण होते. डोळे मिटले, दोन मिनिटं झाली आणि परबांनी टाळी वाजवली. कोणाच्या तोंडून काही निघेना. परबांनी पुन्हा वाजवली. तेव्हा पाटील हसले. इतकं खोटं, इतकं वाईट हसू मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि त्या खोट्या हसण्याचंच आम्हाला खरं हसू आलं. युसुफभाईंनी हात वर केले. ओठ उघडले. पण त्यांचा आवाज काही आला नाही.

तो पुढे दीड वर्ष आला नाही. ते रोज यायचे, माझ्या डाव्या हाताला उभे राहायचे, हात वर करायचे, आणि सबंध वेळ डोळे उघडे ठेवून गॅलऱ्यांकडे बघत असायचे. परबांनी त्यांना एका शब्दाने कधी छेडलं नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "हजेरी लागली ना? आवाज त्यांचा आहे, त्यांना वाटेल तेव्हा काढतील." पण गेल्या पावसाळ्यात एकदा बाकावर आम्ही दोघंच होतो तेव्हा ते आपणहून बोलले. "तो आवाज मला परत ऐकायचाय, कर्णिकसाहेब. माझ्या टाळीने बंद पडला, तर माझ्याच टाळीने चालू झाला पाहिजे." ते झालं नाही. आणि मग तो सुनेचा फोन आला.

म्हणून मी महिनाभर मैदानावर गेलो नाही. दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग होता. परबांवर राग, की असं काम अर्धं टाकून कोणी जातं का. त्या अकरा सेकंदांवर राग, ज्यांनी एका माणसाचं हसू दीड वर्ष गिळलं. आणि थोडा स्वतःवर. बायको रोज बूट काढून ठेवायची, मी ते रोज उचलून परत ठेवायचो. पाटलांचे निरोप यायचे, पंधरा जण आले, बारा आले, आज नऊ. टाळी वाजवायला कोणी तयार होत नाही, नुसतं उभं राहून घरी जातो. मी उत्तर देत नव्हतो.

गेल्या आठवड्यात सकाळी सहाला बेल वाजली. दार उघडलं तर युसुफभाई. पांढरा सदरा, पायात बूट, आणि तीन जिने चढून आल्यामुळे धाप लागलेली. आत येत नाहीत म्हणाले. "परबभाई तेरा दिवस माझ्यासाठी आले," ते म्हणाले. "मी आज पहिल्या दिवशी आलोय. आज नाय बोललात तरी चालेल. उद्या येईन. रोज येईन, मला दुसरा काय काम आहे?" मी त्यांच्यासमोर दारातच बसून बूट घातले.

मैदानावर नऊ जण होते, आम्ही धरून अकरा. परब जिथे उभे राहायचे ती जागा सोडून सगळे उभे होते. युसुफभाईंनी मला दंडाला धरून त्या जागेवर नेऊन उभं केलं. मी म्हटलं, हे काम माझं नाही, टाळी तुम्ही वाजवा. त्यांनी मान हलवली.

"टाळी तुम्ही वाजवायची, कर्णिकभाई. काय झालंच तर सांगता आलं पाहिजे, पहिली टाळी कोणाची होती. हसायचं मी बघतो."

आम्ही हात खाली सोडले आणि डोळे मिटले. दोन मिनिटं इतकी लांब असतात हे मला त्या जागेवर उभं राहिल्यावर कळलं. मग मी टाळी वाजवली.

मी डोळे उघडले तेव्हा युसुफभाईंचे मिटलेले होते. दोन्ही हात वर होते, मान मागे गेली होती, आणि तो आवाज बाहेर पडला होता, तोच, इंजिनरूमवर मात करणारा. पाटील हसले, जिग्नाबेन हसल्या, मीही हसलो. दोन-तीन गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. एकेक करून आमचा दम संपला आणि आम्ही थांबलो. युसुफभाईंना ते कळलं नाही. ते एकटेच हसत राहिले, डोळे मिटून, भर मैदानात. आम्ही दहा जण गोल करून उभे होतो, आणि कोणीही त्यांच्या दंडाला हात लावला नाही.

मग मी दुसरी टाळी वाजवली.